वेलबुट्टी अक्षर

प्रताप नगरात वामनरावांचं पत्रिकांचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी भूमिका नावाची मुलगी तिथे कामाला लागली आणि पहिल्याच लग्नसराईत तिच्या हातून एक फॉन्ट घडला. लपेटेदार वळणांचा, अक्षरात अक्षर गुंतवणारा. प्रत्येक अक्षराला नुसती कड, आत मोकळं. त्यात सोनेरी भरा, गुलाबी भरा, नाहीतर तसंच ठेवा. वामनरावांनी कौतुकाने त्याचं नाव 'वेलबुट्टी' ठेवलं आणि पोरगी तिथेच अडकली.

लग्नाला वेलबुट्टी, डोहाळजेवणाला वेलबुट्टी. हिंगण्याच्या कारखान्याचं स्नेहसंमेलन, कन्हानच्या ढाब्याची पाटी, सगळं त्यातच. "पत्ता तरी साध्या अक्षरात घ्या, बारीक केलं की आतली जागा बुजते," हे ती कानीकपाळी ओरडायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पत्ताही त्यातच मागायचं. मग वाट चुकलेल्या पाहुण्यांना फोनवर रस्ता सांगायचा, तोही भूमिकानेच.

तिला त्या अक्षराचा वीट आला होता. म्हणून आज सकाळी पुण्याच्या एका बालपुस्तकांच्या प्रकाशनाचा मेल आला, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. त्यांना मुलांसाठी ठसठशीत, भरीव अक्षरं काढणारं माणूस हवं होतं. अट एकच. कॉम्प्युटर नको, एक पान स्वतःच्या हाताने लिहून आज पाचच्या आत फोटो पाठवा.

चारला दुकानात सामसूम झाली. भूमिकाने जाड पेन घेऊन पानाचा पहिला शब्द, 'घर', लिहायला घेतला. पेन घ च्या वळणावरून खाली उतरला आणि कडेकडेने परत वर आला. आत मोकळं. तिला हसू आलं. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तिने दातओठ खाऊन सरळ एकच रेघ ओढली, तर ती पहिलीतल्या पोराने ओढावी तशी थरथरत आली. शाळेत तिला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ते अक्षर कसं होतं, हे काही केल्या आठवेना. आता मात्र ती घाबरली.

"काय लिहून राहिली वं?" वामनराव मागे येऊन उभे होते.

"अर्ज आहे, काका. पुण्याच्या नोकरीचा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पहिलं पान उचलून उजेडात धरलं.

"जाय ना मंग. मी काहून अडवू तुले? पण हे पाह्य, मशीनपेक्षा तुह्या हातचं बेस उतरलं. हे पान मले राहू दे."

म्हातारा खरंच खूश झाला होता. पान घेऊन तो स्कॅनरकडे गेला.

पाचला वीस मिनिटं होती. भूमिकाने पाचवं पान घेतलं. हाताला येत होती तशीच सगळ्या ओळींतल्या अक्षरांची कड आखून घेतली आणि मग आतली मोकळी जागा पेनाने भरायला बसली. घाई केली की शाई कडेबाहेर जायची, म्हणून हळूहळू, एकेक अक्षर.

पाच वाजले तेव्हा 'घर' भरून झालं होतं. बाकीच्या ओळींना नुसती कड होती, आत मोकळं. ती भरत राहिली.