सुकरीचं पिवळं तावदान

मी एक जुनी रंगीत खिडकी आहे, मित्रांनो. चांदा जिल्ह्यात, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका कसब्याच्या चौकात दगडी चर्च आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत, मोठ्या दाराच्या वर, गोल चौकटीत मला बसवलेलं आहे. चौकात नवा माणूस आला की आधी मान वर करून माझ्याकडे बघतो. उगाच नाही बघत. मी दिसतेच तशी!

माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. एका कारागिराने रंगीत काचा कापून, शिशाच्या पट्ट्यांत एकेक तावदान जोडून मला घडवलं. मग गवत कोंबलेल्या पेटीत बसून मी आगबोटीने आले, आगगाडीने आले आणि शेवटी बैलगाडीने आले. त्या बैलगाडीचं तर नावच काढू नका. इथे पोचले तेव्हा चर्च अर्धंच उभं होतं. गोऱ्या साहेबाने आपल्या गावाकडचं चर्च आठवून नकाशा काढला होता: टोकदार कमानी, उंच मनोरा आणि बर्फ घसरून पडावं म्हणून उभ्या उताराचं छप्पर. चांद्याच्या उन्हात कुठलं आलंय बर्फ! पण इथल्या गवंड्यांनी मुकाट्याने तसंच बांधलं, आलापल्लीच्या सागवानाच्या तुळया चढवल्या, आणि त्या उतारावर वानरं घसरगुंडी खेळू लागली.

पुढे साहेब गेले, देश स्वतंत्र झाला. रविवारच्या प्रार्थनेला बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बाजाराच्या दिवशी चौक भरायचा. दुपार कलली की ऊन माझ्यातून आत उतरायचं आणि फरशीवर रंग सांडायचे. ते इतके सावकाश सरकायचे की मलाच गुंगी यायची. बाहेरचा गलका लांबून आल्यासारखा वाटायचा. मी जागी आहे की स्वप्नात, ते कळायचं नाही.

अशाच एका बाजाराच्या दिवशी सुकरी पहिल्यांदा आत आली. जंगलातल्या खेड्यातली ही गोंड म्हातारी, बाजारात मोहफुलं विकायला यायची. तिच्या डोळ्यांवर पडदा चढला होता. माणसं तिला धुरातली दिसत. निळा, हिरवा, लाल, सगळे रंग काळे पडले होते. पिवळा तेवढा शिल्लक होता. तिची मुलगी नीलाबाई तिला हात धरून आणायची. दाराशी चिमूटभर मोहफुलं ठेवून सुकरी आत यायची, माझ्या पिवळ्या तावदानाच्या उजेडात बसायची आणि त्यात तळहात धरायची.

“दिसते वं, नीले,” ती दर वेळी म्हणायची. “अजून दिसते.”

चर्चचा राखणदार देवाजी तिला कधी उठवत नसे. “बस बाई,” म्हणायचा, “देवाच्या घरी बसाले कोनाची मनाई हाय?”

मग तो फाल्गुन आला. दोन वानरं छपरावर भांडली आणि त्यांतलं एक थेट माझ्यावर आदळलं. माझं पिवळं तावदान खळकन फुटलं. मित्रांनो, काय दुखलं म्हणून सांगू! पाद्रीबाबांनी तिथे पत्र्याचा तुकडा ठोकला आणि विषय संपला.

पुढच्या बाजारी सुकरी आली, नेहमीच्या जागी बसली, तळहात पुढे केला. हात काळाच राहिला. ती इकडे सरकली, तिकडे सरकली. मग उठली आणि बाहेर पडली. मी वरून ओरडत होते, अगं बाई, डोळे नाही फुटले, काच फुटली! पण मला तोंड कुठे आहे?

त्यानंतर नीलाबाई एकटीच येऊ लागली. देवाजीने विचारलं, “म्हातारी काऊन नाई येत?”

नीलाबाईने डोळ्याला पदर लावला. “काय सांगू, देवाजीभाऊ! घरी मीठ नव्हतं. गावचा मोहाचा सण व्हाचा होता, त्याच्या आंधीच मायनं मोहफुलं येचली अन् मिठावर देऊन टाकली. सणाबिगर नवं येचत नाई आमच्यात. आता म्हनते, देवानं माहा पिवळा नेला. जेवत नाई, उठत नाई, कोपऱ्यात बसून राह्यली.”

देवाजीने मान वर केली. पत्रा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “अवं, काच फुटली ना! वानरानं फोडली! जाय, सांग तिले.”

“सांगून पाह्यलं तरी आयकनार नाई, भाऊ. म्हनन, माहं मन राखाले बोलून राह्यली.”

तेही खरंच होतं. आता तशी काच आणायची कुठून? देवाजी उदास होऊन घरी गेला, तर त्याची बायको गुणाबाई चुलीवर पळसाची फुलं उकळत होती. शिमग्याचा रंग! देवाजीने सगळं सांगताच तिनेच धोतराचा जुना तुकडा त्या पाण्यात बुडवला, वाळवला, उजेड आरपार यावा म्हणून जवसाचं तेल लावलं. देवाजीने शिडी चढून पत्रा काढला आणि ते फडकं ताणून बसवलं. परदेशी काचेच्या अंगाला तेलकट फडकं! एरवी मी नाक मुरडलं असतं.

“देवाची माफी मागाले चाल,” असं सांगून नीलाबाईने सुकरीला आणलं. बाकी काही बोलायचं नाही, असं तिचं आणि देवाजीचं ठरलं होतं. सुकरी खाली मान घालून आली. दाराशी काही ठेवलं नाही. हात जोडले, आणि मग भीत भीत उजवा तळहात पुढे केला.

तळहातावर पिवळा उजेड पडला.

“नीले,” ती हळूच म्हणाली, “हा तो पिवळा नोहे.”

देवाजीचा चेहरा पडला. लबाडी उघडी पडली, असंच त्याला वाटलं.

“तो हळदीवानी होता,” सुकरी म्हणाली. “हा पळसाचा हाय. कोनी लावला?” तिने तळहात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “म्हंजे मले फरक दिसते! अवं नीले, माहे डोळे हायेत!”

ती रडली, नीलाबाई रडली, देवाजी तर दोघींपेक्षा मोठ्याने रडला.

मित्रांनो, ऊन खाऊन ते फडकं दर वर्षी विटतं आणि दर शिमग्याला गुणाबाई नवं रंगवते. जुन्या इमारती बघायला तुम्ही जाल. कमानी बघा, मनोरा बघा, माझं कौतुकही करा, मला ते आवडतंच. पण कुठे फुटकी काच दिसली, तर पत्रा ठोकण्याआधी एवढं विचारा: हिच्या उजेडात कोण बसत होतं?