सर्व्हरचा अभिषेक

लेगॉसमधल्या आमच्या बिस्किट कंपनीत गाडी असो की जनरेटर, पास्टरने तेल घालून प्रार्थना केल्याशिवाय चालू होत नाही. विक्रीचं विश्लेषण करणारं महागडं सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर त्याच्या सर्व्हरलाही अभिषेक आलाच.

सर्व्हर आमच्या तात्पुरत्या इंजिनिअरने, टोन्येने तयार केला होता. डिस्कवर जागा केली, मेमरी वाढवली, सॉफ्टवेअरसाठी वेगळं खातं उघडलं. इन्स्टॉलेशन नीट झालं की त्याची नोकरी कायम होणार होती.

पास्टरनी बाटली उघडताच तो पुढे झाला. "पास्टर, जरा लांबून. तेल आत गेलं तर बोर्ड जळेल."

"पोरा, या तेलाने मेलेली माणसं उठलीत. तुझ्या डब्याला काय होतंय?" म्हणत पास्टरनी मशीनच्या जाळीवर बाटली उपडी केली.

आम्ही 'आमेन' म्हणेपर्यंत आत चर्र झालं, धूर निघाला आणि हिरवे दिवे विझले.

"पास्टर, हे काय हो?" मालकीण आयिंके मॅडम पुटपुटल्या.

"या खोलीत कुणीतरी अश्रद्ध आहे."

आम्ही सगळ्यांनी टोन्येकडे पाहिलं. तेल आम्हालाही दिसलं होतं, पण आमच्या नोकऱ्या कायम होत्या आणि तशाच राहायला हव्या होत्या.

"मॅडम, मी आधीच सांगितलं होतं!"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "बाकी कुणी बोललं का?"

त्याच्या जागी आलेल्या इंजिनिअरने नवा सर्व्हर शेजारच्या खोलीत ठेवला आणि पास्टरपुढे टोन्येचा जळका सर्व्हर मांडला. या वेळी काहीच जळलं नाही. त्याच आठवड्यात त्याची नोकरी कायम झाली.