फुलं बघायला आलेली बाई

“अंघोळीचं पाणी फार कढत नको, तुला माहीतच आहे,” असं म्हणून यालिंगने रबरी हातमोजे माझ्या हातात ठेवले.

माझ्या दुसऱ्या हातात अजून प्रवासाची बॅग होती. विमान, मग रेल्वे, मग डोंगरातली बस असा अख्खा दिवस काढून मी आले होते आणि वाटभर एकच विचार करत होते, की मला बघून आमा काय म्हणेल. आमा, म्हणजे या घरची आजी, खिडकीशी तिच्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. मला बघून ती हसली, पण बोलली नाही. बोलत होती ती तिची सून, यालिंग.

घरात कामाला असलेली मुलगी, द्वी, कालच रजा घेऊन गावी गेली होती. बिचारी दोन वर्षं घरी गेली नव्हती, म्हणून मी येणार हे कळल्यावर यालिंगने लगेच तिची सोय करून टाकली. सगळं कसं छान जमून आलं, असं तिचं म्हणणं. आमाला माझ्याइतका कुणाचा हात मानवत नाही हे तर सगळ्या गल्लीला ठाऊक. स्वयंपाकघरामागची माझी जुनी खोलीही तिने झाडून ठेवली होती, आणि हे सांगताना ती मनापासून खूष होती. तिचा राग यायला मला त्यामुळे जरा वेळच लागला.

तैवानमधल्या या घरात मी अकरा वर्षं काढली. आमाची डावी बाजू लुळी पडली त्या साली आले. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, तिच्या शिव्या खाणं, सगळं केलं. माझं नाव लास्मिनी. ते लांबलचक पडतं म्हणून या लोकांनी पहिल्याच दिवशी मला आमी करून टाकलं. पुढे माझीच कंबर धरायला लागली तेव्हा मी जावा बेटावर, ब्लितारजवळच्या माझ्या गावी परतले. वाटलं, संपलं हे प्रकरण. पण आमाचा फोन यायला लागला. दर रविवारी ती तिकडून आणि मी इकडून, दोघी भांडायचो. माझा नवरा गेला तेव्हा ती फोनवर माझ्याबरोबर काही न बोलता कितीतरी वेळ बसून राहिली होती. तिला मैत्रीण म्हणायची माझी छाती नव्हती. तो शब्द आधी तिने वापरला.

आणि गेल्या वर्षी म्हणाली, “फुलं बघायला ये. कामाला येऊ नकोस, कामाला माणसं आहेत. नुसती ये.”

वसंत सरत आला की इथले डोंगर तुंगच्या झाडांच्या फुलांनी पांढरे होतात. फुलं अख्खीच्या अख्खी खाली पडतात आणि ती बघायला शहरातले लोक गाड्या भरभरून येतात. मी अकरा वसंत इथे होते. मला दिसली ती पाहुण्यांच्या टोप्यांवरची फुलं. कारण त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असे आणि सगळे आमाला घेऊन डोंगराकडे गेले, की मागे भांडी आणि मी.

मी सुट्टी घालवायला परदेशी चालले आहे हे ऐकून आमच्या गावात नुसता हशा पिकला. शेजारची जुमिलाह म्हणाली, “सुट्टी असते साहेबलोकांची, बाई. आपल्याला मिळते ती रजा. आणि या वयात तुला आता कोण कामावर ठेवणार?” मी काम मागायला चाललेच नाही म्हटलं, तर तिला ते खोटं वाटलं. विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या खिडकीतल्या पोरालाही पटेना. त्याने माझे हात पाहिले, तोंड पाहिलं आणि विचारलं, मालक कोण? मी त्याला म्हटलं, “पोरा, मालक नाही. मैत्रीण आहे. फुलं बघायची आणि बसायचं.” माझ्या मागच्या रांगेतले लोक हसले. मी मान ताठ ठेवून पुढे गेले.

आणि आता ती मैत्रीण खिडकीत गप्प बसली होती आणि माझ्या हातात हातमोजे होते.

मी ते टेबलावर ठेवले. दिवाणखान्यातल्या कोरीव लाकडी कोचाजवळ बॅग टेकवली आणि कोचावर बसले. त्या कोचावरच्या नक्षीतली धूळ मी दर आठवड्याला ब्रशने काढलेली होती. त्यावर बसले होते एकदाच, तेही घरात कुणी नसताना.

“यालिंग,” मी म्हटलं. आधी मी तिला बाईसाहेब म्हणत असे. “मी पाहुणी म्हणून आलेय.”

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिने पाहिलं की मी उठत नाही. मी बॅगेतून सगळ्यांसाठी आणलेलं काढलं, आमाला बातिकचा ब्लाउज, तिलाही एक, गावची जेनांग मिठाई, कॉफी, केळ्याचे वेफर्स. तिने ते उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. एवढं कशाला आणलंस म्हणाली, पण मन भलतीकडेच होतं. येताना तिने चहा आणला नाही. मी तहानेने कासावीस झाले होते, पण उठून पाणी घेतलं नाही. या घरातली प्रत्येक बाटली कुठे असते ते मला ठाऊक आहे. पाहुण्याला ते ठाऊक नसतं.

संध्याकाळी वेनशुंग आला. हा आमाचा मुलगा, गावात चष्म्याचं दुकान चालवतो. भला माणूस, पण आई आणि बायको यांच्यामध्ये आयुष्यभर मूग गिळून बसलेला. घरात चूल पेटलेली नाही हे बघून तो मुकाट्याने बाहेर जाऊन जेवणाचे डबे घेऊन आला. माझ्या डब्यात डुकराचं मांस नको हे त्याच्या लक्षात होतं, हे मी त्याच्या खाती जमा केलं. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. आमाचा घास कोण भरवणार म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. आमाचा उजवा हात चांगला चालतो. द्वीच्या लाडाने तो आळशी झाला होता. मी माझा भात खाऊ लागले. थोड्या वेळाने आमाने चमचा उचलला.

यालिंगचा संयम सुटला. ती म्हणाली की दिवसभर दुकानात उभं राहून तिचे पाय मोडतात, घरी आल्यावर हे, आणि मी इतकी वर्षं या घरचं अन्न खाल्लेलं आहे. एका म्हाताऱ्या बाईला दोन तांबे पाणी घालणं माझ्या एवढं जिवावर यावं? माणुसकी म्हणून काही असते.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला तिच्याशी भांडायचंच नव्हतं. मला आमाला विचारायचं होतं, आणि उत्तराची भीती वाटत होती.

“आमा,” मी म्हटलं, “द्वी जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं?”

आमा डब्यातल्या मुळ्याच्या चकत्या एकीकडे सारत राहिली.

“होतं,” ती म्हणाली.

“मग मला बोलावलंत ते फुलं बघायला की अंघोळीला?”

वेनशुंगने आईकडे बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला ऐकू न आल्याचं सोंगही करता येतं आणि आमा ते उत्तम करते.

“दोन्हीला,” आमा म्हणाली. “ती पोरगी कपडे घासावेत तशी मला घासते. मला वाटलं, तू येशील, आधी मला न्हाऊ घालशील, मग फुलं बघू. तू कुठे नाही म्हणणारैस.”

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. जुमिलाह हसली होती ते मला लागलं नव्हतं. हे लागलं. कारण आमाचं बरोबर होतं, मी या घरात कधीच नाही म्हटलेलं नव्हतं.

“आता म्हणतेय,” मी म्हटलं.

जेवणं उरकली. मागच्या खोलीत मी गेले नाही. कोचावरच आडवी झाले. वेनशुंग वरच्या मजल्यावरून पांघरूण घेऊन आला आणि ते पायथ्याशी ठेवून, माझ्याकडे न बघता गेला.

सकाळी आमाने काठी वाजवली. ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर काठी आपटते. तिला उठायचं असतं, ओलं झालेलं असतं, किंवा नुसतीच जाग आलेली असते. तो आवाज झाला आणि माझे पाय जमिनीवर आले. डोळे उघडायच्या आत मी उभी राहिले होते. जित्याची खोड, दुसरं काय. मी कोचाचा दांडा धरला आणि परत खाली बसले. काठी पुन्हा वाजली. मी दांडा सोडला नाही. मला तिच्याकडे जायचं होतं. तिचा मला राग होता आणि माया होती, आणि ती ओल्या अंथरुणात पडलीय हे मला कळत होतं. तेव्हा गेले असते तर पुन्हा आमी होऊन राहिले असते. मी मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं आणि बसून राहिले.

काठी वाजतच होती. शेवटी जिन्यावर पावलं आली. यालिंग, केस पिंजारलेले, एका पायात मोजा. ती माझ्याकडे न बघता सासूच्या खोलीत गेली. मग न्हाणीघरातून बादलीचा आवाज, पाण्याचा आवाज आणि आमाचा आरडाओरडा. लग्न होऊन तीस वर्षं झाली, सुनेने सासूच्या अंगावर हात फिरवायची ही पहिलीच वेळ असावी.

“आमी,” यालिंग आतून रडवेल्या आवाजात ओरडली, “हिचा हा हात वर कसा करायचा?”

“त्यांनाच विचार,” मी कोचावरून म्हटलं. “तोंड आहे त्यांना.”

मग आमाचा आवाज आला, हलका. काय बोलली ते मला कळलं नाही. पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण सावकाश. बराच वेळ दोघी आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा यालिंग नखशिखांत भिजलेली होती आणि आमाच्या अंगात उलटा घातलेला ब्लाउज होता, मी आणलेला, बातिकचा. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तोंड धुतलं, कपडे बदलले आणि जाहीर केलं, की मी आता बसने डोंगरावर फुलं बघायला जाते. कुणी यावं असं माझं म्हणणं नाही. ज्या कामाला आले ते करून येते.

“बसने?” आमा म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलत होती. “बस तिथपर्यंत जात नाही. वेनशुंग, दुकान उघडू नकोस. गाडी काढ.”

यालिंग आत गेली आणि चार कप चहा घेऊन आली. माझ्यासमोरचा कप तिने जरा आपटूनच ठेवला. मी तो सावकाश प्यायले. सकाळपासूनचा पहिला घोट होता.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. वर जायला दगडी पायऱ्या होत्या, झाडांच्या आत शिरत गेलेल्या, रात्रीच्या धुक्याने ओल्या. चाकाची खुर्ची तिथे जाणं शक्यच नव्हतं. आमा इतकी वर्षं दर वसंतात इथेच, खालीच बसून फुलं बघत असे, हे मला तेव्हा कळलं. वेनशुंग म्हणाला, खालूनही छान दिसतात. यालिंग म्हणाली, पायऱ्या निसरड्या आहेत, उगाच पडशील.

मी पहिली पायरी चढले आणि खरंच घसरले. प्रवासासाठी घेतलेल्या नव्या चपला, गुळगुळीत तळाच्या. मी त्या काढल्या. कुठे ठेवाव्यात म्हणून बघत होते, एवढ्यात आमाने उजवा हात पुढे केला.

“आण इकडे,” ती म्हणाली.

आमच्याकडे मोठ्या माणसाच्या अंगावरून नुसता हात गेला तरी आम्ही माफी मागतो. चपला द्यायच्या म्हणजे काय? मी नको नको म्हटलं. यालिंगही म्हणाली, गाडीत टाकते मी, चिखल लागलाय त्यांना. आमाने हात मागे घेतला नाही. माझ्याकडे बघत ती तशीच बसून राहिली.

मी चपला तिच्या हातात दिल्या. तिने त्या मांडीवर, नव्या ब्लाउजच्या कडेवर ठेवल्या आणि वरून हात ठेवला.

“जा तू, लास्मिनी,” ती म्हणाली. “मी बसते इथे.”

दगड गार होते. थोडं वर गेल्यावर पायाखाली फुलंच फुलं झाली. पाय कुठे टेकवावा कळेना. वरूनही पडत होती, आवाज न करता, डोक्यावर, खांद्यावर. एका वळणावर लाकडी बाक होता. तिथून खाली बघितलं तर झाडांच्या फटीतून गाडी दिसत होती आणि खुर्ची. वेनशुंग वाकून आईच्या मांडीवरच्या चपला घ्यायला बघत होता. ती त्याला देत नव्हती.

मला आधी वाटलं, पटकन बघून खाली जावं, म्हातारी उन्हात ताटकळेल. मग मी बाकावरची फुलं हाताने बाजूला केली आणि बसले. चांगली पाठ टेकून बसले.