एक सोडून सगळे दिसतात

“फोन लागला की पूनमनं म्होरं यायचं न्हाय. आन् का म्हणून इचारायचं न्हाय.”

केराबाईंनी धाकट्या लेकीला, ऋतुजाला, हा नियम सांगितला तेव्हा मी त्यांच्याच हातात होतो. मी या घरातला मोबाईल बोलतोय. मला कुठं तोंड आहे, असं म्हणत मी इतके दिवस तो नियम पाळला. आता त्याची लाज वाटते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतो तो केराबाईंचा लेक धनाजी. मस्कतला कामाला निघताना त्यानं मला सोलापूरच्या दुकानातून उचललं, गावी कुंभारीला आणलं आणि आईच्या ओंजळीत ठेवलं. “आये, शुक्रवारी मला सुट्टी. ह्यात सगळी दिसली पायजेत. एक बी कमी नको.”

सुरुवातीचे शुक्रवार काय मजेचे होते! मस्कतहून धनाजी, कुर्डुवाडीहून काका, नातेपुत्याहून आत्या, सगळे माझ्या काचेवर आपापल्या चौकटीत येऊन बसायचे. धनाजीचे वडील ज्ञानबा मला कानाला लावूनच बोलायचे.

“आबा, कान दिसतोय नुसता!” धनाजी ओरडायचा. “धुतला तरी हाय का?”

मग थोरली पूनम सासरहून दोन पिशव्या घेऊन परत आली. गालावर वळ होता. “मी आता नांदायला जाणार न्हाय,” एवढंच म्हणाली. घरानं तिला जेवू घातलं, अंथरूण दिलं, आणि कॉलवरच्या सगळ्यांपासून लपवलं. धनाजीला कळलं तर नोकरी टाकून येईल. आत्याला कळलं तर गावभर होईल, आणि मग ऋतुजाचं लग्न जमायचं नाही.

पण मला धरायचं कुणी? ज्ञानबांचा हात थरथरतो, केराबाईंचं बोट कॅमेऱ्यावर येतं, आणि ऋतुजाला तर सगळ्यांच्या मधोमध बसवायचं असतं. म्हणून ते काम पूनमवरच आलं. सगळे चटईवर बसतात. त्यांच्यासमोर स्टुलावर बसून ती मला दोन्ही हातांनी धरते. माझी काच घरच्यांकडे, पाठ तिच्याकडे. तिला भावाचा आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही. पाठीवरही मला एक डोळा आहे, पण तो मी कधी उघडला नाही.

“ताई का येत न्हाय गं कॉलवर?” धनाजी दर खेपेला विचारायचा.

“तिच्या गावाला रेंजच न्हाय बघ.”

“अजून न्हाय? माझं केस पिकल्यावर टॉवर उभारणार का काय?”

सगळे हसायचे. एकदा ऋतुजाही हसली. कॉल संपल्यावर पूनमनं ओढणीनं माझी काच पुसली, तेव्हा ऋतुजा तिच्या जवळ आली आणि तशीच परत गेली. त्या हसण्यात माझा आवाज नव्हता, पण ते सगळ्यांपर्यंत मीच पोचवलं होतं.

आज शुक्रवार. आत्यानं ऋतुजासाठी आलेल्या स्थळाकडच्या बाईंनाही, म्हणजे मुलाच्या आईला, कॉलवर घेतलंय.

“थोरली कशी हाय तुमची?” बाईंनी विचारलं.

“लई सुखात हाय तिच्या घरी,” केराबाई म्हणाल्या.

मी हललो. म्हणजे पूनमचे हात हलले.

“फोन का हालतोय?” धनाजीनं विचारलं. “कुणी धरलाय?”

“डब्याला टेकवलाय रे,” ज्ञानबा घाईनं म्हणाले.

“डब्याला न्हाय, आबा,” ऋतुजा उठून उभी राहिली. “ताईनं धरलाय. दर शुक्रवारी तीच धरती.”

“खाली बस,” केराबाई दातओठ खात पुटपुटल्या. “तुझ्यासाठीच करतोय की आमी हे!”

“माझ्यासाठी नका करू. ज्याला माझी बहीण चालत न्हाय, तो मला चालत न्हाय. मी न्हाय लपवणार तिला.” मग ती माझ्यावरून पलीकडे बघत म्हणाली, “ताई, दाखवू?”

पूनमनं होकाराची मान हलवली असावी, कारण लगेच ऋतुजाचं बोट माझ्या काचेवर टेकलं आणि पाठीवरचा डोळा उघडला. पूनम सगळ्या चौकटींत पोचली.

“ताई?” धनाजी म्हणाला. “तू हितंच हाईस?”

पूनमनं मला स्वतःकडे वळवून पुन्हा पुढचा डोळा उघडला. सासरहून आल्यापासून ती पहिल्यांदाच भावाचं तोंड बघत होती. चटईवर ज्ञानबा पागोट्याचं टोक चाचपत राहिले. केराबाई चटईची काडी ओढत राहिल्या.

बोलतील तेव्हा बोलतील. तोवर मला कुणीतरी हात लांब करून धरा. म्हणजे सगळे मावतील.