राणी-अकरा, वाण इराणी

मी एक म्हातारी पर्शियन मांजर आहे, मित्रांनो, आणि माणसांविषयी माझं मत काही बरं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला तोंड वाकडं करायला नको. जालना जिल्ह्यात वडीगोद्रीला, हमरस्त्यालगत काकासाहेबांचं बियाण्यांचं दुकान आहे. तिथे गल्ल्याशेजारी पांढरी उशी ठेवल्यासारखं जे दिसतं, ती मी.

माझं घराणं मोठं आहे. माझे पूर्वज इराणच्या डोंगराळ मुलखातले. तिथल्या थंडीसाठी त्यांच्या अंगावर लांब, दाट केस आले. साधारण चारशे वर्षांपूर्वी प्रवाशांनी त्यांना उचलून युरोपात नेलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पुढे तिकडच्या शौकीन लोकांनी मांजरांची प्रदर्शनं भरवली आणि चेहरा किती गोल, नाक किती आखूड, यावर बक्षिसं वाटली. आखूड नाकाची मांजर आखूड नाकाच्या बोक्याला द्यायची, त्यांची पिल्लं तशाच दुसऱ्या घरी द्यायची, असं करत करत माझ्या जातीचं नाक त्यांनी पार दोन डोळ्यांच्या मधे नेऊन बसवलं. ही माणसं स्वतः नाकावर माशी बसू देत नाहीत. आमच्या नाकाचं मात्र त्यांनी वाटोळं केलं.

तेव्हापासून आमच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतं आणि श्वास घेताना घुरघुर आवाज येतो. पाणी पाहून लोक म्हणतात, बिचारी रडतेय. घुरघुर ऐकून म्हणतात, लाडात आलीय. दोन्ही वेळा मी तोंड फिरवून घेते.

स्वभावाने आम्ही शांत. उड्या मारणं, पडद्यावर चढणं, दुधासाठी घर डोक्यावर घेणं आमच्यात नाही. आमचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीतही पोचत नाही. एक मऊ जागा आणि रोज केस विंचरणारा एक हात, एवढंच आम्हाला लागतं. याला गावात आळशीपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

आता मी इथे कशी आले ते ऐका. दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात उंदरांनी मका-बाजरीच्या पिशव्या फोडायला सुरुवात केली होती. काकासाहेबांच्या बायकोने, नंदाबाईने, सरळ सांगितलं होतं, "द्वारकाबाईच्या गोठ्यात मांजर व्यालीय. त्यातलं येक पिल्लू आणा." पण जन्मभर बियाणं विकलेला माणूस तो. नवा वाण म्हटलं की गावठीपेक्षा जास्त उतारा पडणारच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

"गावठी मांजर दोन उंदरं मारती," ते म्हणाले. "ही आंगानं तिच्या तिप्पट हाय. सहा तं कुठंच गेले न्हाईत."

मला त्यांनी संभाजीनगरहून खोक्यात घालून आणलं आणि पिशवीवर छापावं तसं नाव ठेवलं, राणी-अकरा. या अकलेला काय म्हणावं?

पहिल्याच आठवड्यात एक उंदीर माझ्यासमोर येऊन मका खात बसला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याशी माझं काही वैर नव्हतं. त्याने आपलं खाणं चालू ठेवलं. काकासाहेब गिऱ्हाइकांना सांगायचे, "आजून रुळून राह्यली. थोडा टाइम लागतो."

दोन महिने गेले आणि मे उजाडला. पेरणी तोंडावर आली, गोदाम गच्च भरलं, उंदीरही माजले. तेव्हा काकासाहेबांना वाटलं, पोटाला चिमटा बसल्याशिवाय ही हलायची नाही. एके दिवशी सकाळी त्यांनी मला दूध न देता गोदामात टाकलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून माल आणायला ते जालन्याच्या एमआयडीसीत निघून गेले. पाण्याची वाटीसुद्धा ठेवली नाही.

दुपारी पत्रे तापले. अंगावर थंड मुलखातलं घोंगडं आणि श्वास घ्यायला ते चेपलेलं नाक. मी तोंड उघडून धापा टाकू लागले. मी ओरडले, पण आमचा आवाज केवढा ते मी सांगितलंच आहे. उंदीरसुद्धा भिंतीच्या फटीत गारव्याला निघून गेले. मला भीती वाटली, मित्रांनो. एवढं मोठं घराणं आणि मरण बाजरीच्या पोत्यांमागे, हे माझ्या मनात आलं.

जेवणाच्या वेळी मी दिसले नाही, म्हणून नंदाबाई शोधत निघाली. फटीतून तिला माझी शेपटी दिसली. किल्ली नव्हती. तिने पहार घेऊन कोयंडाच उचकटला. शेजारच्या रसवंतीवरून शहाजादी बर्फ घेऊन धावत आली.

"भाभी, बर्फ आंगाला नका लावू, धक्का बसंल," ती म्हणाली. "फडकं वल्लं करून गुंडाळा."

ओल्या फडक्याने जीव थाऱ्यावर आला. केसांच्या मात्र गुठळ्या झाल्या होत्या. विंचरणं तर कधी कोणाला सुचलंच नव्हतं. नंदाबाईने कात्री घेतली आणि संध्याकाळपर्यंत माझं सगळं अंग भादरून काढलं. तेवढ्यात काकासाहेब आले. फरशीवर केसांचा ढीग आणि शेजारी मी. ते खाली बसले.

"आत येवढीशीच होती व्हय?" ते म्हणाले.

"गिऱ्हाईक आलं की इचारता ना, जमीन हलकी का भारी, पाणी किती?" नंदाबाई म्हणाली. "हिला आणताना काय इचारलं तुम्ही? मेली आस्ती आज ती."

खोटं कशाला बोलू, काकासाहेबांचं उतरलेलं तोंड पाहून मला फार बरं वाटलं.

उंदरांसाठी मग गोठ्यातलं ते गावठी पिल्लू आलं आणि गोदाम त्याने सांभाळलं. केस वाढल्यावर काकासाहेब मला स्वतः विंचरू लागले. त्यांचा हात भारी वाईट. चार वर्षं झाली, अजून ओढतात.

गेल्या महिन्यात तीर्थपुरीचे साहेबराव दुकानात आले होते. मांजरं पाळायची त्यांना हौस. "माझ्याकडं ह्याच जातीचा बोका आलाय परवा," ते म्हणाले. "तुमची म्हातारी झाली, पण हिच्यावाणी जवान मादी बघून द्या. झकास पिल्लं निघतील."

"हिच्या तोंडाशी कान न्या बरं," काकासाहेब म्हणाले.

साहेबराव वाकले. घुरघुर ऐकून हसले. "लाडात हाय."

"लाड न्हाई त्यो. तिला नाक न्हाई. श्वास घेऊन राह्यली ती." काकासाहेबांनी फणी बाजूला ठेवली. "असे आणखी जीव कशाला? म्या न्हाई बघून देणार."

या माणसाविषयी माझं मत तेवढ्याने बदललेलं नाही. पण त्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी घरात आधीच असेल तर तिला गार जागा द्या, डोळे पुसा आणि रोज विंचरा. नसेल तर आणू नका. तुम्ही मागणं बंद केलंत, की आम्हाला जन्माला घालणंही बंद होईल. अशाने माझं घराणं बुडेल, असं कोणी म्हणेल. बुडू द्या. नाक असलेली मांजरं जगात पुष्कळ आहेत.