गालावरच्या मुंग्या

मी मुंग्यांची पेटी बोलतेय. विजेच्या बारीक लहरींनी स्नायूंना हलवणारं यंत्र, हे माझं खरं नाव. पण भावनगरच्या नियतीबेनच्या दवाखान्यात एवढं लांबलचक म्हणायला सवड कुणाला? चार चकत्या, चार वायरी आणि दोन बटणं, एवढाच माझा संसार.

पहिली तीन वर्षं मी गुडघे आणि कंबरा सोडून दुसरं काही पाहिलं नाही. म्हातारी माणसं यायची, चकत्या लावून पडायची आणि अर्धा तास सुनांची गाऱ्हाणी सांगायची. आयुष्य असंच जाणार, असं मी धरूनच चालले होते.

मग एका दुपारी वशरामभाई आणि मुक्ताबेन आपल्या अकरा वर्षांच्या झंखनाला उचलून घेऊन आले. पोरीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ, बोलणं तुटक. दिवसा घास चावायला जबडा ऐकायचा नाही आणि झोपेत तोच जबडा करकर दात खायचा.

"काय खाते ही?" नियतीबेननी विचारलं.

"खिचडी. तीही मिक्सरमधून काढून," मुक्ताबेन म्हणाल्या. "वाटीभर संपवायला तास जातो. आणि यांचं बघा ना! घोघा दरवाज्यापाशी यांचं बेसनाच्या गाठियांचं दुकान. गावाला खाऊ घालतात, पण सहा वर्षांत घरात एक गाठिया आणला नाही."

वशरामभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदा तुकडा घशात अडकला होता. निळी पडली होती पोर. तिच्यासमोर बसून मी कसा खाऊ, बेन?"

नियतीबेन नुकत्याच चावण्याच्या स्नायूंवरचं नवं शिक्षण घेऊन आल्या होत्या. झंखनाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी मला टेबलावर घेतलं. "ही जादू नाही हं. तोंडाचे व्यायाम रोज करायचेच. ही पेटी स्नायूला नुसती जागं करते."

पण गालाजवळ चकती येताच झंखना किंचाळली. मान फिरवली, अंग धनुष्यासारखं ताणलं. माझ्यासारख्या पेटीलासुद्धा चोरट्यासारखं झालं.

तेव्हा वशरामभाई पुढे सरसावले. "आधी मला लावा."

नियतीबेननी बटण फिरवलं. बेसनाने पिवळी झालेली बोटं गुडघ्यावर घट्ट रोवून ते बसले, आणि त्यांचा गाल फुरफुरायला लागला. मिशीचं एक टोक वर, एक खाली.

"मुंग्या! मुंग्या चालल्यात गं, झंखू!"

झंखना खदखदून हसली. बारसं झालं माझं ते तिथे.

मग आठवड्यातून दोनदा आमची भेट ठरलेली. तिच्या कानाखालच्या त्या हट्टी स्नायूला मी हळूच हाक मारायची. तो आवळायचा, सुटायचा. आधी कुस्करलेलं केळं, मग उकडलेला बटाटा, मग थेपल्याचा मऊ तुकडा. मध्ये ती तापाने दोन महिने आली नाही, तेव्हा बरंचसं कमावलेलं गेलं. पुन्हा केळ्यापासून सुरुवात. मुक्ताबेन रडल्या नाहीत. केळं कुस्करायला बसल्या.

एके दिवशी मात्र त्या दारातूनच ओरडत आल्या. "नियतीबेन, आज पहाटे माझा जीव गेला होता! जाग आली तर घरात आवाजच नाही. दात खाणं नाही, घोरणं नाही. मला वाटलं, गेली पोर. नाकाशी हात धरला तर ही आपली तोंड मिटून शांत झोपलेली!"

"म्हणजे तुम्हीही झोपलात तर," नियतीबेन म्हणाल्या.

"अकरा वर्षांनी," मुक्ताबेन म्हणाल्या आणि माझ्याशेजारच्या खुर्चीवर मटकन बसल्या.

दिवाळीनंतर वशरामभाईंनी कागदाची पुडी आणली. गरम, मऊ गाठिया. त्यांनी पुडी नियतीबेनच्या हातात दिली आणि तुकडा नियतीबेननीच तिच्या दाढांमध्ये ठेवला. मी बाजूला पडून होते, बंद. झंखनाने दात मिटले. गालावर तो स्नायू उठला, बसला, परत उठला. इतके दिवस मी त्याला हलवत होते. त्या दिवशी तो माझ्याविना हलला. किती वेळ चावत होती! कुणी श्वास सोडेना. शेवटी तिने गिळलं.

"मी...ठ... कमी."

"घ्या!" मुक्ताबेननी टाळी वाजवली. "गाव वाखाणतं आणि पोरीने खोट काढली!"

"कमीच आहे, बेटा," वशरामभाई उपरण्याने तोंड पुसत म्हणाले. मग पुडीतला एक गाठिया त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

त्याला बारा वर्षं झाली. झंखना आता तेवीस वर्षांची आहे. कडक पदार्थ तिला अजून जमत नाहीत, काही रात्री दात वाजतातही. पण रविवारी सकाळी तिघं एकत्र खायला बसतात, असं मुक्ताबेन येऊन सांगून जातात.

दवाखान्यात हल्ली हातात मावणारी यंत्रं आली आहेत. माझं एक बटण अडकतं, वायरी तडकल्या आहेत. सोमवारी मी भंगारात जाणार. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. असे गाल कुठल्या पेटीच्या वाट्याला येतात?

जाताना एकच मागणं. तुमच्या पंगतीत कुणी फार सावकाश खात असेल, तर ताटं आवरायची घाई करू नका. जरा बसा. त्याचा घास अजून चालू आहे.