दोनशे तेरा दुरुस्त्या

नव्या बिलिंगची सहा महिन्यांची चाचणी संपली आणि तपासायला आलेल्या साहेबांनी अहवालात लिहून टाकलं, चुका एकही नाही. मला हसावं की रडावं कळेना.

वीज कार्यालयात बिलं छापण्याच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसते. मीटर वाचणारा गावोगाव फिरून फोटो काढतो, हिशोब संगणक करतो. दाराला कुलूप असलं की हा शहाणा संगणक मनानेच सरासरी ठोकून देतो. गिरणीचा आणि शेजारच्या शिंपीणबाईंचा मीटर एकाच भिंतीवर, म्हणून फोटोंची अदलाबदल होऊन गिरणीचं बिल दर महिन्याला शिंपीणबाईंच्या माथी. छापण्याआधी मी हे सगळं निमूटपणे दुरुस्त करायची आणि एका वहीत टिपून ठेवायची. लोकांना हेलपाटे नकोत, एवढंच मनात. चाचणी यंत्राची चालली होती आणि पास होत होते मी!

पुढच्या महिन्यापासून बिलं थेट लोकांच्या फोनवर जाणार होती. मुदतीत भरलं नाही, तर वीज आपोआप बंद. मध्ये माझं टेबलच नाही.

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "न विचारता आकडे बदललेस म्हणून तुलाच घरी बसवतील. विकतचं दुखणं कशाला घेतेस?"

त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या पगारावर घर चालतं. पण शिंपीणबाईंचं मशीनही विजेवरच चालतं, आणि त्यांना गिरणीचं बिल भरणं या जन्मी जमणार नाही.

सकाळी मी माझी वही साहेबांपुढे ठेवली. तारीख, ग्राहक, संगणकाचा आकडा, माझा आकडा. एकूण दोनशे तेरा.

साहेबांनी पानं उलटली. कपाळाला हात लावला. "बाई, ही वही घरी न्या. मी पाहिलीच नाही. अहवालाला जोडली तर पहिली चौकशी तुमची होईल."

"होऊ दे. पण जोडा."

"नोकरी जाईल हो!"

"साहेब, माझ्या चांगुलपणानेच तुमचा अहवाल खोटा पडलाय. आता ते निस्तरायला मीच नको का?"

त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. "जोडतो. पण खाली तुमची सही हवी." मी पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला. सही कुणालाही वाचता येईल अशी केली.